समजून घ्या : निसर्ग शिबिर मोफत असलं तरी मजुराची मुलं का येत नाहीत?

एप्रिल उजाडला की व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर निसर्ग शिबिरांची पोस्टर फिरायला लागतात. तंबू, शेकोटी, पाठीवर सॅक घेतलेली हसरी मुलं आणि खाली फी भरायचा क्यूआर कोड. काही पोस्टरवर शेवटी एक ओळ असते, ‘गरजू विद्यार्थ्यांना सवलत’. तरी शिबिर संपल्यावर जो ग्रुप फोटो येतो, त्यात केळीचे घड वाहणाऱ्या मजुराची किंवा गवंड्याच्या हाताखाली काम करणाऱ्या बाईची मुलं क्वचितच असतात. जागा ठेवल्या होत्या, कोणी आलंच नाही, असं आयोजकांचं म्हणणं पडतं.

ते खोटं नसतंच. पण न येणाऱ्या मुलांना निसर्गाची आवड नाही, असा त्याचा अर्थ काढला जातो तो चुकीचा आहे. खानदेशापुरतं बोलायचं तर मोठी अडचण तारखांची आहे. शिबिरं ज्या दिवसांत भरतात, त्या दिवसांत गरिबाघरचं मूल मोकळं नसतं. आणि ज्या दिवसांत इथे पाहण्यासारखं सगळ्यात जास्त असतं, त्या दिवसांत शिबिरं भरत नाहीत. वरणगावजवळच्या हतनूर धरणाकडे पाहिलं की हे चटकन लक्षात येतं.

शिबिर मे महिन्यातच का भरतं?

कारण सोपं आहे, शाळेला सुट्टी असते. पुण्या-मुंबईकडे हे चालून जातं. तिथली मुलं महाबळेश्वर, भीमाशंकर किंवा हिमाचलात जातात. भुसावळ परिसरात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास असतो, कधी त्याच्याही वर जातो. दुपारी ११ ते ५ माणसं घराबाहेर पडत नाहीत. सातपुड्यातली झाडं पानं टाकून उभी असतात, ओढे आटलेले असतात. हिवाळी पाहुणे पक्षी मार्चअखेर निघून गेलेले असतात. अशा दिवसांत मुलांना पत्र्याच्या शेडखाली बसवून निसर्गावरचे व्हिडिओ दाखवायचे, याला निसर्ग शिबिर म्हणणं जरा जास्तच होतं.

ज्यांच्याकडे पैसे आहेत ते मुलांना थंड हवेच्या ठिकाणी पाठवतात. उरलेल्यांसाठी मे म्हणजे लग्नसराई, पाण्याच्या टँकरची वाट पाहणं आणि मिळेल ते काम.

मग दिवाळीच्या सुट्टीत घेतलं तर?

इथेच खरी मेख आहे. दिवाळीची सुट्टी म्हणजे खानदेशात कापूस वेचणीचा ऐन हंगाम. वेचणीची मजुरी किलोवर मिळते. जितके हात जास्त, तितकी संध्याकाळी हातात पडणारी रक्कम जास्त. १३-१४ वर्षांची मुलगी आईबरोबर शेतात गेली की घरात चार पैसे वाढतात, आणि ती घरी राहिली तरी लहान भावंडांना सांभाळून आईला मोकळं करते. दोन्हीकडे तिचा हिशेब धरलेला असतो.

अशा घराला ‘शिबिर मोफत आहे’ असं सांगितलं, तर त्या घराच्या दृष्टीने ते मोफत नसतंच. तीन दिवसांची मजुरी बुडते. वर आयोजक सामानाची यादी पाठवतात : सॅक, बूट, टॉर्च, पाण्याची बाटली, रंगीत टोपी, असलीच तर दुर्बीण. फी माफ झालेल्या मुलाला ही यादीच घरी बसवते. बूट नाहीत हे सगळ्यांसमोर सांगण्यापेक्षा ‘मला यायचं नाही’ म्हणणं त्याला सोपं जातं.

शिवाय चाळीसगाव, पारोळा, धुळे, साक्री भागातल्या तांड्यांवरची आणि पाड्यांवरची कुटुंबं दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला बाहेर पडतात. मुलं एकतर कोपीवर जातात, नाहीतर आजी-आजोबांकडे किंवा हंगामी वसतिगृहात मागे राहतात. त्यांच्यासाठी दिवाळीची सुट्टी म्हणजे सामान बांधायचे दिवस.

म्हणजे मे महिन्यात ऊन आडवं येतं आणि दिवाळीत कापूस. राहिला जानेवारी. तेव्हा कपाशीची उलंगवाडी होत आलेली असते, हरभरा-गव्हाच्या काढणीला अवकाश असतो आणि हवा छान असते. पण तेव्हा शाळा चालू असते. म्हणून शिबिर शाळेच्या दिवसांतच, शाळेचा भाग म्हणूनच व्हायला हवं. हजेरीपटावर ‘उपस्थित’ असं लिहून. सुट्टीतला उपक्रम म्हणून ते जोपर्यंत विकलं जाईल, तोपर्यंत सुट्टी परवडणाऱ्यांचीच मुलं तिथे जाणार.

जानेवारीत हतनूरला काय असतं?

हतनूर धरण तापीवर, भुसावळ तालुक्यात. पावसाळ्यात ‘हतनूरचे ४१ दरवाजे उघडले’ ही बातमी दर वर्षी ठरलेली, त्यामुळे नाव सगळ्यांना माहीत असतं. तापी आणि पूर्णेचा संगम चांगदेवला होतो आणि धरणाचा फुगवटा त्या बाजूला पसरलेला आहे. गाळामुळे पाणी बऱ्याच ठिकाणी उथळ झालं आहे. सिंचनाच्या हिशेबाने हे नुकसान. पक्ष्यांच्या हिशेबाने मात्र उथळ पाणी, चिखल आणि पाणवनस्पती म्हणजे भरलेलं ताट.

हिवाळ्यात इथे उत्तरेकडून बदकं उतरतात. नारिंगी-बदामी रंगाचा चक्रवाक, चमच्यासारख्या चपट्या चोचीचा थापट्या, सुईसारख्या शेपटीचा तलवार बदक. काळ्या अंगाचा, कपाळावर पांढरा टिळा लावल्यासारखा वारकरी तर थव्यांनी तरंगत असतो. काठावर लांब गुलाबी पायांचे शेकाटे. पक्षी-अभ्यासकांच्या दृष्टीने ही महत्त्वाची जागा आहे. वरणगावची चातक नेचर कन्झर्वेशन सोसायटी हतनूरच्या पक्ष्यांवर काम करत आली आहे. म्हणजे शिकवणारी माणसं बाहेरून आणायची गरज नाही, गावात ती आहेत.

आता उलट बाजू. वरणगाव म्हटलं की बाहेरच्याला आयुध निर्माणी आठवते, भुसावळ म्हटलं की रेल्वे आणि दीपनगरचं औष्णिक वीज केंद्र. या सगळ्यांच्या आधाराने वाढलेल्या वस्त्यांत हजारो मुलं राहतात. धरण एवढं जवळ असूनही त्यातल्या अनेकांनी ते फक्त दरवाजे उघडल्याच्या व्हिडिओत पाहिलेलं असणार. पहाटे साडेसहाला धरणाच्या काठावर पोहोचवणारी एसटी नसते आणि बाप ड्यूटीवर किंवा मजुरीवर असतो. अंतर १०-१२ किलोमीटरच, पण ते कापायला गाडी आणि मोकळा मोठा माणूस लागतो.

मुक्काम कशाला? सहल पुरत नाही का?

पक्षी पहाटे आणि संध्याकाळी हालचाल करतात. शाळेची सहल ९ वाजता निघते, ११ वाजता पोहोचते, डबे खाऊन ४ वाजता परत. नेमक्या त्या वेळात पाण्यावर फारसं काही घडत नाही. मुलं लांबवर काळे ठिपके पाहतात, सेल्फी काढतात आणि ‘काही नव्हतं तिथे’ असं घरी सांगतात. तीच मुलं काठाजवळच्या शाळेत मुक्कामी असतील तर सहा वाजता धुक्यात पाण्याजवळ उभी असतील.

दुसरं कारण अंधाराचं आहे. वस्तीत राहणाऱ्या मुलाने दिव्यांशिवायची रात्र फारशी पाहिलेली नसते. जानेवारीच्या निरभ्र रात्री मृग नक्षत्र दाखवायला दुर्बीणही लागत नाही, लागतो तो फक्त दिवे बंद करायला तयार असलेला मास्तर.

तिसरं कारण संशोधनातून आलेलं आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस इथल्या संशोधकांनी २०१४ मध्ये सहावीच्या मुलांचा एक अभ्यास प्रसिद्ध केला. निम्मी मुलं ५ दिवस निसर्ग शिबिरात स्क्रीनशिवाय राहिली, बाकीची नेहमीसारखी शाळेत. शिबिरातून आलेल्या मुलांची समोरच्याच्या चेहऱ्यावरचे भाव ओळखण्याची क्षमता दुसऱ्या गटापेक्षा जास्त सुधारलेली दिसली. मुलं शंभरच्या आसपास आणि अमेरिकेतली, त्यामुळे त्यावरून वरणगावसाठी मोठा निष्कर्ष काढू नये. शिवाय तो परिणाम झाडांचा, फोन नसण्याचा की पाच दिवस सोबत राहण्याचा, हे त्यातून वेगळं करता येत नाही. मात्र सोबत राहण्याचं मोल कळायला खानदेशाला परदेशी अभ्यासाची वाट पाहावी लागत नाही. साने गुरुजी अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये १९२४ ते १९३० शिक्षक होते, आणि मुलांना ते वर्गापेक्षा जास्त छात्रालयात भेटले. मुलांसाठी ते हाताने लिहिलेलं ‘छात्रालय दैनिक’ काढत. मास्तर रात्रीही तिथेच असतो, ही गोष्ट शिकवण्याचा बाज बदलते.

ही कल्पना आली कुठून?

गरीब मुलांना मुक्कामी निसर्गात नेण्याची कल्पना जवळजवळ १५० वर्षांची आहे. १८७६ मध्ये झुरिचमधले धर्मोपदेशक वॉल्टर बियॉन यांनी कामगार वस्तीतली ६८ मुलं आपेनझेलच्या डोंगरात नेली. पुढच्याच वर्षी, १८७७ मध्ये, विलर्ड पार्सन्स यांनी न्यूयॉर्कच्या दाटीवाटीच्या चाळींतली मुलं पेनसिल्व्हेनियातल्या शेतकरी कुटुंबांकडे राहायला पाठवली. त्यातून उभा राहिलेला ‘फ्रेश एअर फंड’ आजही चालू आहे. १९४१ मध्ये वेल्समध्ये कुर्ट हान यांनी ‘आउटवर्ड बाउंड’ची पहिली शाळा काढली, ती तरुण खलाशांसाठी.

त्या सुरुवातीच्या युरोपीय शिबिरांत मुलांचं जाताना आणि येताना वजन करत. किती भरलं, ते यश. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी यश मोजलं जातं ते फेसबुकवर टाकलेल्या फोटोंवरून. वजन करणं त्यापेक्षा प्रामाणिक होतं.

या परंपरेवरची टीकाही तितकीच जुनी आहे. दोन आठवडे मोकळी हवा द्यायची आणि मुलाला परत त्याच खोलीत सोडायचं, यातून देणाऱ्याला समाधान मिळतं, घेणाऱ्याच्या हाती काय उरतं? आणि ‘तुमच्याकडे काही नाही, आमच्याकडे ये, दाखवतो’ हा सूर मुलांना बरोबर कळतो. महाराष्ट्रातल्या चांगल्या शिबिरांनी हा सूर टाळला तो मुलांना काम देऊन. बाबा आमटे यांनी सोमनाथला सुरू केलेली श्रमसंस्कार छावणी असो की राष्ट्र सेवा दलाची शिबिरं, तिथे आलेला तरुण पाहुणा नसतो. त्याच्या हातात कुदळ असते.

हतनूरला कुदळीच्या जागी वही देता येईल. दर जानेवारीत आशियाभर पाणपक्ष्यांची गणना होते. १९८७ पासून ती चालू आहे आणि ती स्वयंसेवकांच्या जोरावरच चालते. रीत साधी आहे : ठरलेल्या जागेवर सकाळी उभं राहायचं, पाण्याचे भाग पाडायचे आणि जातीनुसार मोजायचं. हतनूरचा पसारा दोन्ही काठांवर आहे, एका टोकाला उभं राहून तो आवाक्यात येत नाही. इथे ४० मुलं म्हणजे अडचण नाही, ती ४० जोड्या डोळे आहेत. पहिले दोन दिवस ओळखायला शिकायचं, तिसऱ्या सकाळी मोजायचं. जाणकाराने तपासून तो आकडा पुढे पाठवायचा. ई-बर्ड अ‍ॅपवर शाळेच्या नावाने खातं उघडलं तर तीच यादी पुढच्या वर्षीच्या मुलांना दिसेल. गेल्या वर्षी आठवीच्या दादा-ताईंनी किती वारकरी मोजले, यंदा किती. शिबिर एका वर्षापुरतं राहिलं नाही, तर त्याला अर्थ येतो.

पण सातपुड्यातल्या मुलाला निसर्ग कोण शिकवणार?

‘वंचित मुलं’ असं म्हटलं की शिबिरवाले भुसावळची झोपडपट्टी आणि पालची आश्रमशाळा एकाच रकान्यात टाकतात. या दोन मुलांत निसर्गाच्या बाबतीत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

रावेर तालुक्यातलं पाल यावल अभयारण्याला लागून आहे. अभयारण्य १९६९ चं, सुमारे १७८ चौरस किलोमीटरचं. तिथल्या पावरा किंवा तडवी मुलाला अंजन, सालई, धावडा ओळखायला पुस्तक लागत नाही. मोहाची फुलं कधी वेचायची आणि पळस कधी फुलतो हे त्याच्या घरचं कॅलेंडर आहे. अशा मुलाला शहरी ताई-दादा ‘चला, झाडाला मिठी मारू या’ म्हणतात, तेव्हा तो मुकाट्याने मारतो. शिबिर आहे, जेवण चांगलं आहे, मारू एकदा.

रानपिंगळ्याची गोष्ट इथे सांगायलाच हवी. हे छोटं घुबड १८८४ नंतर कुणी शास्त्रज्ञाने पाहिलं नव्हतं, जगाने ते नामशेष धरलं होतं. नोव्हेंबर १९९७ मध्ये अमेरिकन पक्षीतज्ज्ञांना ते शहाद्याजवळ, तेव्हाच्या धुळे जिल्ह्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी दिसलं. पुढे यावलसह सातपुड्यात आणखी ठिकाणी त्याच्या नोंदी झाल्या. हा पक्षी बऱ्याचदा भरदिवसा उघड्या फांदीवर बसतो. ११३ वर्षं तो कुणालाच दिसला नसेल, हे शक्य नाही. गुराख्याच्या पोराने पाहिला असणार, फक्त त्याला कुणी विचारलं नाही आणि त्याच्या पाहण्याला नोंद म्हणायची सोय नव्हती.

म्हणून पालच्या मुलांसाठीचं शिबिर वेगळ्या प्रकारचं हवं. हतनूरवर भुसावळ-वरणगावच्या मुलांबरोबर त्यांना एकत्र आणलं तर जंगलाचा तास त्यांनी घ्यावा. पाणपक्षी दोघांनाही नवीन, तिथे दोघं बरोबरीने विद्यार्थी. पुढच्या वर्षी मुक्काम पालला, तेव्हा यजमान ते.

एक नाजूक मुद्दाही आहे. यावलच्या जंगलात अतिक्रमण, वनहक्काचे दावे आणि वन विभागाच्या कारवाया हा वर्षानुवर्षांचा ताण आहे. ज्याच्या घरच्यांचा दावा पडून आहे, त्या मुलापुढे खाकीतला माणूस उभा राहून ‘जंगल वाचवा’ म्हणाला, तर मुलाच्या डोक्यात काय चाललं असेल? वनरक्षकाने शिबिरात यावंच. पण भाषण देण्यापेक्षा गस्त कशी घालतात, वणवा कसा विझवतात, पाणवठा कसा भरतात हे दाखवावं. आणि ‘आमचं शेत कधी नावावर होणार?’ असं कुणी विचारलं तर विषय बदलू नये.

मुलींना कोण पाठवेल?

सगळ्यात अवघड प्रश्न हा आहे आणि बहुतेक शिबिरं तो टाळून मुलांची संख्या वाढवतात. आठवीतली मुलगी दोन रात्री घराबाहेर, हे ऐकूनच अनेक घरांत नकार येतो. त्या नकाराला मागासलेपण म्हणून मोकळं होता येत नाही. रात्री कोण असेल, झोपायची खोली कुठली, कडी आतून लागते का, संडासात पाणी आहे का, पाळी आली तर काय, फोन कुणाला करायचा, हे प्रश्न आई विचारते आणि ते बरोबर आहेत. फी माफ करणाऱ्या किती पोस्टरवर यांची उत्तरं असतात?

उत्तरं छापील द्यावीत. सोबत किमान दोन शिक्षिका, त्याही मुलींना आधीपासून माहीत असलेल्या. एका दिवशी चार-पाच आयांना बरोबर नेऊन जागा दाखवावी. त्यातल्या दोघी स्वयंपाकाला मजुरीवर राहिल्या तर आणखी चांगलं, त्यांचे दिवसही बुडत नाहीत आणि गल्लीतल्या बाकीच्या घरांना खात्री पटते. जानेवारीतल्या थंडीत कळण्याची भाकरी आणि वांग्याचं भरीत करणारे हात बाहेरून आणायची काही गरज नाही.

पाण्याजवळ मुलं नेणं धोक्याचं नाही का?

आहे. १ फेब्रुवारी २०१६ ला मुरूडच्या समुद्रात पुण्याच्या एका महाविद्यालयाचे सहलीला आलेले १४ विद्यार्थी बुडाले. तेव्हापासून शाळांचे मुख्याध्यापक पाण्याचं नाव काढलं की हात जोडतात, आणि त्यांना दोष देता येणार नाही. काही झालं तर निलंबन त्यांचं होणार.

पण पक्षीगणना पाण्यात उतरून करत नाहीत. ती काठापासून लांब, शक्यतो उंचावर उभं राहून करतात, कारण जवळ गेलं की थवा उडतो. होडी नाही, पोहणं नाही, चिखलात उतरणं नाही, दर दहा मुलांमागे एक मोठा माणूस, दर तासाला मोजणी. स्थानिक मच्छीमारांपैकी दोघे पूर्ण वेळ काठावर, मजुरी देऊन. गाळ कुठे फसवा आहे हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक नसतं. सरकारी परिपत्रकात शिबिराला सरसकट परवानगी किंवा सरसकट बंदी असं न लिहिता एवढ्या गोष्टी लिहिल्या, तर मुख्याध्यापकाला सही करताना आधार राहील.

पैसा आणि माणसं कुठून येणार?

हिशेब मांडला तर आकडा घाबरवणारा निघत नाही. ४० विद्यार्थी आणि ६ मोठी माणसं. गुरुवारी दुपारी पोहोचायचं, शनिवारी दुपारी जेवून निघायचं. तीन दुपारची जेवणं, दोन रात्रीची, दोन नाश्ते, म्हणजे ७ वेळा ४६ ताटं, एकूण ३२२. यातलं विद्यार्थ्यांचं दुपारचं जेवण आठवीपर्यंत शालेय पोषण आहारात असतंच, ते शाळेऐवजी धरणाजवळ शिजवायला परवानगी लागेल एवढंच. रविवार मुलाच्या घराला मोकळा राहतो, हेही त्यात साधतं.

राहायला तंबू नकोत. काठाजवळच्या गावातली जिल्हा परिषदेची शाळा पुरे. सतरंज्या तिथे असतात, ब्लँकेट मात्र भरपूर हवीत, जानेवारीत जळगाव जिल्ह्यात पारा १० अंशांखाली उतरतो. बूट-सॅकची यादी रद्द करून दुर्बिणी, टॉर्च, वह्या आणि ब्लँकेट यांचा एकच सामायिक संच करावा. तो तालुक्यातल्या शाळा आळीपाळीने वापरतील. एसटी शाळांना सहलीसाठी सवलतीत गाड्या देते.

माणसांचा प्रश्न त्याहून सोपा आहे. राष्ट्रीय सेवा योजना १९६९ पासून चालू आहे आणि तिच्या स्वयंसेवकांचं सात दिवसांचं निवासी शिबिर गावात भरतं. कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयांचीही अशी शिबिरं दर हिवाळ्यात होतात. ग्रामस्वच्छता, रॅली, समारोपाला पाहुणे, असा तोच साचा चालतो. त्यातल्या एखाद-दोन महाविद्यालयांनी आपलं शिबिर हतनूरच्या काठावरच्या गावात घेतलं, पहिले चार दिवस स्वतः पक्षी ओळखायला शिकले आणि उरलेले तीन दिवस शाळेच्या मुलांचे दादा-ताई झाले, तर गटप्रमुखांसाठी वेगळा खर्च नाही. ‘कमवा आणि शिका’तल्या गरजू विद्यार्थ्यांना हे काम पैसे देऊन मिळालं, तर सुट्टीत कंपनीत पॅकिंगला जाणारा मुलगाही येऊ शकेल. १८ ते २२ वयोगटातल्या तरुणांसाठीची निसर्ग शिबिरं जिथे ओस पडतात, तिथे कारण बहुधा हेच असतं, की त्या दिवसांत त्याला कमवायचं असतं.

नियमांत जागा आहे का? आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीदरम्यान १० दप्तरमुक्त दिवसांची शिफारस आहे. त्यातले तीन दिवस इथे लागतील. शाळांत राष्ट्रीय हरित सेना, इको क्लब आहेत, त्यांचं काम अनेकदा ५ जूनला रोप लावून फोटो काढण्यापुरतं उरतं. केरळचा वन विभाग कित्येक वर्षं विद्यार्थ्यांसाठी निवासी निसर्ग शिबिरं विनामूल्य घेतो, राहणं-जेवणं विभागाचं. आपल्याकडे ताडोबात ‘चला माझ्या ताडोबाला’ या उपक्रमातून आसपासच्या गावांतल्या मुलांना जंगल दाखवलं जातं. जळगावच्या वाट्याला ताडोबा नाही. वाघ दाखवायची घाई नसल्यामुळे इथे मुलांना शांतपणे बदकं मोजता येतील, हा खरं तर फायदाच आहे.

मग अडतं कुठे?

जानेवारीत दहावीच्या सराव परीक्षा असतात, स्नेहसंमेलन असतं, आणि शिक्षकांवर सर्वेक्षणं, प्रशिक्षणं, ऑनलाइन माहिती भरणं हे चालूच असतं. म्हणून हे आठवीसाठीच ठेवावं आणि शिक्षकांना त्या तीन दिवसांत दुसरं कुठलंही काम देऊ नये. ऊसतोडीला गेलेली मुलं जानेवारीतही सुटतील. ती कारखान्याच्या फडात असतील, आणि त्यांच्यासाठी हतनूरचं शिबिर काही करू शकत नाही. हंगामी वसतिगृहात मागे राहिलेल्यांना मात्र बसमध्ये पहिल्या जागा देता येतील. त्यांना दोन रात्री घराबाहेर राहायची सवय वेगळी लावावी लागत नाही.

एवढ्यासाठी मंत्रालयातून नवी योजना यायची गरज नाही. जिल्हा परिषदेच्या शिक्षण विभागाने भुसावळ, मुक्ताईनगर, रावेर आणि यावल या चार तालुक्यांतल्या प्रत्येकी एका शाळेचं नाव ठरवायचं, यावलच्या आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयाने एक आश्रमशाळा द्यायची. पत्रं निघायला हवीत ती ऑगस्टमध्ये, पालक सभा सप्टेंबरात, आयांची धरणावरची फेरी दिवाळीआधी, म्हणजे कापूस फुटायच्या आत. चक्रवाक ऑक्टोबरपासून उतरायला लागतात.